सोलविकच्या होळीतली शिट्टी

"आई, आम्ही तिघं आहोत, गाव एवढंसं आहे आणि रस्ता एकच! हरवायचं ठरवलं तरी कसं हरवणार?"

जहाजातून उतरायच्या जिन्यावर रुहीने शेवटचा डाव टाकला. तिच्या आईने, कांचनने, मंजुषामावशीकडे पाहिलं. मंजुषामावशीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आकाशाकडे पाहिलं, कारण ते फोनवर धुक्याचा व्हिडिओ काढत होते.

"जाऊ दे गं त्यांना," बाबा स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले. "दुपारी किनाऱ्यावर मोठी शेकोटी आहे म्हणे. तिथेच भेटू सगळे."

"येस!" निहारने उडीच मारली.

रुही बारा वर्षांची, निहार तिचा धाकटा भाऊ, दहाचा. दोघं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे. त्यांच्याबरोबरचा सिद्धेश तेरा वर्षांचा, टेक्ससमधल्या शुगर लँडचा. त्याची आई मंजुषामावशी आणि रुहीची आई कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. सुट्टी लागल्यावर दोन्ही कुटुंबांनी मिळून अलास्काची ही बोटीची सहल बुक केली होती. आत्तापर्यंतच्या बंदरांवर मोठ्यांचा हात धरून फिरावं लागलं होतं. आज पहिल्यांदाच तिघं एकटे!

पण धक्क्यावरून बाहेर पडताच निहार थबकला.

समोर लाल भिंतींची, पांढऱ्या खिडक्यांची लाकडी घरं होती. प्रत्येक दारावर वेलबुट्टी रंगवलेली. कमानीवर मोठ्या अक्षरांत 'वेल्कोमेन' लिहिलेलं. दुकानाबाहेर लांब नाकाचे, विस्कटलेल्या केसांचे लाकडी राक्षस उभे आणि जिकडे तिकडे निळ्या फुलीचे लाल झेंडे.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "आपण अमेरिकेतच आहोत ना? आपलं जहाज रात्रीतून चुकून नॉर्वेला तर नाही ना गेलं?"

"सीरियसली, निहार?" सिद्धेश हसला. "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नॉर्वेचे कोळी इथे मासे पकडायला आले आणि राहिले. सोलविक, अलास्का. तो बघ, पोस्टावर अमेरिकेचा झेंडा."

"न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर गेलो की कसं वाटतं?" रुही म्हणाली. "साड्यांची दुकानं, पाणीपुरी, सगळे मराठी-गुजराती बोलतायत. तसंच हे."

निहारला हे पटलं. तरी त्याने खिशातला फोन काढून नकाशा एकदा तपासून घेतलाच.

दालचिनीचे गोड पाव घेऊन तिघं बंदराच्या कडेने चालू लागले. आज गावात मध्यउन्हाळ्याचा सण होता. लहान पोरं पत्र्याच्या शिट्ट्या वाजवत पळत होती. मोठी माणसं डोक्यावर शिंगांची शिरस्त्राणं घालून कॉफी पीत होती. एका बाकावर बसून निहार पावाचा शेवटचा घास तोंडात टाकणार, इतक्यात तो किंचाळला.

"ए! ए! तिकडे बघा!"

रुहीने मान वळवली. रस्ता रिकामा.

"काय?"

"एक प्राणी गेला! तोंडात मासा होता! इकडून तिकडे, सुर्रकन!"

"कुत्रा असेल," सिद्धेश म्हणाला.

"कुत्रा नाही!"

"मग मांजर."

"डोकं होतं तसं मांजरासारखं. पण पाय आखूड होते. आणि शेपटी... शेपटी मगरीसारखी जाड!"

"कुत्रा, मांजर आणि मगर. ग्रेट!" सिद्धेशने कपाळाला हात लावला. "रात्री झोप यार नीट!"

निहारचे डोळे भरून आले. रुहीला त्याची दया आली. ती उठून रस्त्यापर्यंत गेली आणि तिथेच उकिडवी बसली. फुटपाथच्या लाकडी फळ्यांवर ओले ठसे उमटले होते. एका ओळीत, पण गोंधळात टाकणारे. काही जाणारे, काही येणारे, काही एकमेकांवर पडलेले.

"सिद्धेश, मांजराच्या ठशात बोटं किती दिसतात?"

"चार. आमच्या मिशूची चारच दिसतात. का?"

"इथे पाच आहेत."

सिद्धेशने वाकून पाहिलं. मग त्याने बोट ठेवून एकेक मोजलं. खरंच पाच!

ठशांचा माग काढत तिघं एका जुन्या शेडमागे पोहोचले. इथे होड्या ठेवत असावेत, कारण भिंतीला वल्ही टेकवलेली होती. मागच्या बाजूला गुडघाभर हिरवंगार गवत होतं. पण मधोमध एक मोठा पट्टा पिवळा पडलेला, चापून बसलेला. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला सपाट. आणि त्या पिवळ्या गवतावर, अगदी निमुळत्या टोकापाशी, तीन मासे ठेवलेले होते.

हो, ठेवलेले! एकाशेजारी एक. ताजे, रुपेरी, एकालाही दात न लावलेला.

"हे काय?" रुही गोंधळून म्हणाली. "मासा पकडायचा, इतक्या लांब आणायचा आणि खायचा नाही?"

"कुणीतरी माणूस आहे यामागे," सिद्धेश कुजबुजला. "चोरीचे मासे लपवतोय."

"उघड्यावर? तीनच?"

"मग तो लाकडी राक्षस असेल," निहार म्हणाला. "दुकानातला. रात्री जिवंत होणारा."

"आत्ता दुपार आहे, निहार!"

"ए मुलांनो! तिथे काय चाललंय?"

तिघंही दचकले. शेडच्या कोपऱ्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक अवाढव्य माणूस उभा होता. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता! सिद्धेशने रुहीचा दंड घट्ट धरला. पण तो माणूस खळाळून हसला.

"घाबरू नका! मी हॉगन. सणाचा सगळा कारभार माझ्याकडे. तुम्ही जहाजातले ना? चला, किनाऱ्यावर चला! एरवी आमची शेकोटी रात्री पेटते, पण आज पाहुण्यांसाठी दुपारीच पेटवतोय!"

"सर, हे मासे कुणी ठेवले?" रुहीने इंग्रजीत विचारलं.

"सीगल टाकतात. फार घाण करतात पक्षी!" असं म्हणून तो निघूनही गेला.

पक्षी? रुहीने पुन्हा खाली पाहिलं. पक्षी काय मासे ओळीत मांडतात? आणि पाच बोटांचे ते ठसे? तिच्या डोक्यात सगळ्याचा नुसता गुंता झाला होता. एक धागा ओढावा तर दुसरा आवळायचा.

किनाऱ्यावर ही गर्दी जमली होती! वाळूवर लाकडांचा ढीग रचला होता, जवळजवळ घराएवढा उंच. फळ्या, मोडकी खोकी, झाडांचे बुंधे आणि सगळ्यांत खाली, एका अंगावर कललेली, एक जुनी होडी. दोरी बांधून लोकांना लांब उभं केलं होतं. आई, बाबा आणि मंजुषामावशी पुढेच होते.

"आलात का? हरवला नाहीत म्हणजे!" मावशी म्हणाली.

रुही उत्तर देणार, तेवढ्यात तिला आवाज आला.

बारीक. पातळ. शिट्टीसारखा, पण मध्येच तुटणारा. ढिगाच्या बाजूने.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

"शिट्टी. त्या लाकडांमधून."

"अगं, ही पोरं बघ किती शिट्ट्या फुंकतायत!"

"तशी नाही. वेगळी होती."

"ओलं लाकूड असतं, वारा शिरला की वाजतं," बाबा म्हणाले. "नाहीतर मांजर असेल एखादं. जाईल पळून. जरा बाजूला हो, माझ्या फ्रेममध्ये येतेयस."

रुहीने कान टवकारले. पत्र्याच्या शिट्ट्या, अॅकॉर्डियन, हसणं, माइकवरचा हॉगनचा आवाज. दुसरं काहीच नाही. खरंच ऐकलं होतं का? की ठशांच्या आणि माशांच्या नादात आपल्याला भास झाला? तिने सिद्धेशला विचारलं. त्याने खांदे उडवले. निहारला विचारलं. तो म्हणाला, "मला ऐकू आलं. पण मी म्हटलं तर पुन्हा हसाल तुम्ही."

हॉगन ढिगाभोवती फिरून रॉकेल ओतत होता. त्याचा उग्र वास वाऱ्याबरोबर आला. रुही त्या होडीकडे बघत राहिली. हिरवा रंग उडालेली, टोकाशी निमुळती, मागे सपाट...

निमुळती. मागे सपाट!

"सिद्धेश!" ती ओरडलीच. "ते पिवळं गवत! ती जागा होडीच्या आकाराची होती!"

"म्हणजे?"

"म्हणजे ही होडी तिथे होती! खूप दिवस होती, म्हणून खालचं गवत पिवळं पडलं. आज तिथून उचलून इथे आणली. आणि तो प्राणी मासे घेऊन तिथेच जातोय, पुन्हा पुन्हा. मासे स्वतः खात नाहीये. कुणासाठी तरी आणतोय!"

सिद्धेशचं तोंड उघडंच राहिलं. "पिल्लं," तो म्हणाला. "होडीत तिची पिल्लं आहेत. ओ माय गॉड! पाण्यातला प्राणी, जाड शेपटी, पाच बोटं... रुही, पाणमांजर!"

"मी म्हटलं होतं ना मांजरासारखं!" निहार रडवेला होऊन म्हणाला.

तिघं दोरीखालून वाकून हॉगनकडे धावले.

"सर, ती होडी कुठून आणली?"

"ही? शेडच्या मागून. सकाळी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. दोन वर्षं पडून होती तिथे."

"आत पाहिलंत?"

"कुजक्या होडीत काय बघायचं? चला, चला, दोरीच्या मागे व्हा!"

"आत पिल्लं आहेत! पाणमांजराची!"

"बाळांनो, ढीग मी स्वतः रचलाय," हॉगन हसत म्हणाला, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. "आत काही नाही. जहाज सुटायच्या आत तुम्हाला आग दाखवायची आहे मला!"

रुही धावत बाबांकडे आली. बाबा म्हणाले, त्यांच्या सणात आपण नाक खुपसू नये. आई म्हणाली, थांब, मी बोलते कुणाशी तरी. पण कुणाशी, हे तिलाही कळेना. तिकडे हॉगनने लांब दांड्याची मशाल पेटवलीसुद्धा!

वर्गात साधी कविता म्हणायचीही रुही टाळायची. आणि समोर शेकडो माणसं. पण ढिगातून पुन्हा तोच आवाज आला, की आल्यासारखा वाटला, आणि आता खात्री करत बसायला वेळच नव्हता. लोकांना सांगून ते ऐकणार नव्हते. त्यांना ऐकू येईल असं काहीतरी करायला हवं होतं. आणि ऐकू यायचं तर शांतता हवी.

ती पुन्हा हॉगनपाशी गेली. या वेळी हसत.

"सर, आमच्या महाराष्ट्रातही अशीच आग पेटवतात. होळी म्हणतात तिला. पेटवण्याआधी आमची एक पद्धत आहे. सगळ्यांना दाखवू?"

हॉगनचा चेहरा उजळला. "नक्की! नक्की! हा घे माइक!"

रुहीने माइक धरला. मग ती गर्दीकडे वळली.

"आमच्याकडे होळी पेटवण्याआधी," ती म्हणाली, "सगळे एक मिनिट अगदी गप्प राहतात. वाद्यं बंद. शिट्ट्या बंद. कुणी हलत नाही. डोळे मिटायचे आणि आगीच्या देवाला मनातल्या मनात नमस्कार करायचा. प्लीज!"

गर्दीत बाबा चकित झाले. "अगं कांचन, होळीला आपण बोंब मारतो! हे गप्प राहायचं कुठून काढलं हिने?"

"शू!" आईने त्यांचा हात ओढला. तिचे डोळे लेकीवर खिळले होते.

अॅकॉर्डियन थांबला. शिट्ट्या थांबल्या. शेकडो माणसांनी डोळे मिटले.

काहीच नाही.

झेंड्याची दोरी खांबावर टकटक करत होती. कुणीतरी खोकलं. लांब बंदरात जहाजाचं इंजिन घुमत होतं. रुहीची नजर होडीवर होती. आपण चुकलो की काय? होडी रिकामी असली तर? एवढ्या लोकांपुढे खोटं बोललो आपण!

आणि मग आली. बारीक, पातळ शिट्टी. लगेच दुसरी. मग एकाच वेळी दोन-तीन, भुकेल्या, घाबरलेल्या, थेट होडीच्या पोटातून.

लोकांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "आत काहीतरी जिवंत आहे!"

हॉगनचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने हातातली मशाल वाळूच्या बादलीत उलटी खुपसली आणि डोक्यावरचं शिरस्त्राण फेकून दिलं. "लाकडं काढा! हाताने! सावकाश! कुणी ओढू नका!"

मग जो तो धावला. कोळी, दुकानदार, जहाजावरचे प्रवासी, बाबासुद्धा! फोन खिशात टाकून ते फळ्या उचलत होते. माणसांची साखळी झाली आणि ढीग उतरत गेला. होडीच्या टोकाला सामान ठेवायचा एक कप्पा होता, त्याचं दार अर्धं तुटलेलं. वन्यजीव खात्यात काम करणारी एक तरुणी गर्दीतच होती. ती हातमोजे घालून पोटावर झोपली आणि तिने आत उजेड टाकला.

"तीन आहेत," ती हळूच म्हणाली. "ठणठणीत आहेत. कुणीही हात लावायचा नाही. माणसाचा वास लागता कामा नये."

रुहीला लांबूनच दिसलं. शेवाळाच्या गादीवर तपकिरी लोकरीचे तीन गुंडे, आणि त्यांचे काळे, चमकदार, गोंधळलेले डोळे.

"आता आई कशी सापडणार त्यांना?" निहारने विचारलं.

"ती त्या शेडमागेच येते," रुही म्हणाली. "जुन्या जागी. तिला कळतच नाहीये आपलं घर कुठे गेलं ते. होडी परत तिथेच ठेवली तर?"

त्या तरुणीने हॉगनकडे पाहिलं. हॉगनने मान डोलावली. रॉकेल लागलेल्या बाहेरच्या दोन फळ्या उचकटून टाकल्या आणि मग ट्रॅक्टरच्या मागे, मुंगीच्या पावलाने, होडी परत निघाली. पिवळ्या गवतावर ती अशी नेमकी बसली, जणू कधी हललीच नव्हती. सगळ्यांना लांब, रस्त्यापलीकडे थांबवलं. शेडच्या खिडकीतून बघायला फक्त तिघं मुलं, हॉगन आणि ती तरुणी.

वेळ जात होता. कुणीच येईना.

बंदरातून जहाजाचा भोंगा वाजला. दारात आई आली. "रुही, चला. सगळे चढतायत."

"दोन मिनिटं, आई!"

"इतक्या माणसांना घाबरून ती गेली असेल तर?" सिद्धेश कुजबुजला. निहार खिडकीला नाक लावून उभा होता. रुहीला वाटलं, आपण त्यांना आगीतून काढलं, पण आईविना कसे जगतील ते?

गवत हललं.

आधी मिशा दिसल्या, मग चपटं डोकं, मग तोंडात आडवा धरलेला मासा. ती पुढे आली आणि एकदम थांबली. सकाळपासून इथे काहीच नव्हतं, आणि आता होडी! ती मागच्या पायांवर उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन पावलं मागे सरकली. तिला काही कळेना.

आतून शिट्टी आली.

तिच्या तोंडातला मासा गळून पडला. एका झेपेत ती कप्प्याच्या तुटक्या दारातून आत शिरली, आणि मग आतून असा काही कलकलाट उठला की हॉगनसारखा हॉगन बाहीने डोळे पुसू लागला.

"ताई," म्हणत निहारने रुहीचा हात घट्ट धरला.

धक्क्यावर निम्मं गाव निरोपाला आलं होतं. हॉगनने सगळ्यांसमोर रुहीच्या, सिद्धेशच्या आणि निहारच्या हातात हात दिला. "मी तुम्हाला परत पाठवलं होतं," तो म्हणाला. "होडीत एकदा वाकून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुम्ही नसतात, तर सोलविकला हा सण पुन्हा कधी आनंदाने करता आला नसता." मग तो निहारकडे वळला. "आणि सगळ्यांत आधी तिला तू पाहिलंस म्हणे?"

निहारची छाती एवढी फुगली की जॅकेटचं बटण तुटतंय की काय असं वाटलं. सिद्धेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी यार. मगरीसारखीच होती शेपटी."

"डॉक्टर होऊन इतकी वर्षं कान लावून छाती तपासतेय मी," मंजुषामावशी म्हणाली, "पण आज मला काही ऐकू आलं नाही. शाबास रे पोरांनो!"

आईने रुहीला जवळ ओढलं. बाबा मागून येत होते. हात काळे झालेले, शर्टला रॉकेलचा वास, आणि आज पहिल्यांदाच फोन खिशात.

"रुही, मी तुला बाजूला हो म्हणालो," ते म्हणाले. "चुकलंच माझं. फार धीराची आहेस तू." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण एक सांग. होळीला एक मिनिट गप्प राहायची ही पद्धत महाराष्ट्रात नक्की कुठल्या गावची?"

रुही जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. मागे वळून तिने लाल घरांकडे, झेंड्यांकडे आणि हात हलवणाऱ्या गर्दीकडे पाहिलं.

"सोलविकची, बाबा!" ती म्हणाली, आणि हसत हसत वर पळाली.